पिवळ्या पट्टीच्या आत

त्या खंडेनवमीला बाबांच्या छातीत, डाव्या खांद्याच्या जरा खाली, काडेपेटीएवढी एक डबी शिवलेली होती. त्यांचं हृदय मधेच थांबायचं, ते थांबू नये म्हणून. ही गोष्ट आईला माहीत होती, शेजारच्यांना माहीत होती, कारंज्याला आमच्या घरी दूध घालणाऱ्यालाही माहीत होती. मला नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा मी बोलायला लागले की स्वतःची बाजू मांडत बसते, आणि या गोष्टीत मला फारशी बाजू नाही.

मी तेव्हा वर्ध्याच्या बाहेर, एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत पीएचडीचं काम करत होते. तळमजल्यावर आमचं एनएमआर यंत्र होतं. दवाखान्यात एमआरआय असतं ना, त्याचाच हा जवळचा नातेवाईक. फक्त यात माणूस जात नाही, पेन्सिलीहून बारीक काचेची नळी जाते आणि नळीत थोडंसं द्रावण. यंत्र म्हणजे मुळात एक चुंबक. माणसाहून उंच, पांढरा, तीन पायांवर उभा केलेला पिंप. त्याच्या पोटात द्रवरूप हेलियम आणि त्या भयानक थंडीत बुडवलेली तारेची गुंडाळी, जिच्यात एकदा वीज सोडली की ती फिरतच राहते. आमचा चुंबक जुना होता, दुसरीकडे वापरून झालेला. नवीन चुंबकांची ओढ त्यांच्या अंगाजवळच थांबते. आमच्या म्हाताऱ्याची ओढ अर्ध्या खोलीत पसरलेली असायची आणि दोन हातांवरून तो खिशातल्या किल्ल्या हलवायचा.

आणि तो बंद होत नसे. मे महिन्यात लाइन जायची, अख्ख्या वस्तीचे पंखे थांबायचे, तरी तो आपला कामावर. आवाज नाही, उजेड नाही, अंगाला हात लावला तर गरमही नाही. पहिल्या वर्षी मला त्या खोलीत एकटं बसायची भीती वाटायची. पुढे भीती गेली आणि मी त्या खोलीची मालकीण असल्यासारखी वागायला लागले.

चुंबकाभोवती जमिनीवर आम्ही पिवळी पट्टी चिकटवली होती. तिच्या आत लोखंड नाही, घड्याळ नाही, एटीएम कार्ड नाही, आणि पेसमेकरवाला माणूस तर नाहीच नाही. पेसमेकर म्हणजे तीच ती हृदय चालवणारी डबी, चुंबकाजवळ आली की ती भरकटते. कंपनीचा इंग्रजी बोर्ड कोणी वाचत नाही म्हणून मी पुठ्ठ्यावर मराठीत लिहून दारावर लावलं: छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी आत येऊ नये, जिवाला धोका आहे. बाजूला लाल हृदय काढून त्यावर फुली मारली. खाली टेबलावर वही. येणाऱ्यानं नाव लिहायचं, पेसमेकर आहे की नाही ते लिहायचं, सही करायची. त्या वहीपायी मी आमच्या सरांनासुद्धा दारात उभं केलेलं आहे. सर हसायचे आणि सही करायचे.

माझा विषय होता द्रावणातली अदलाबदल. सोप्या भाषेत सांगते, बाबांनाही असंच सांगितलं होतं. काही रेणूंमधले दोन तुकडे एकमेकांची जागा घेत राहतात. हा तिकडे, तो इकडे, पुन्हा हा तिकडे. थंडीत ते हळूहळू जागा बदलतात, तेव्हा यंत्राला दोघं वेगवेगळे दिसतात आणि पडद्यावर दोन सुळके येतात. द्रावण तापवत नेलं की जागा बदलण्याचा वेग वाढतो, सुळके बसके होतात, एकमेकांकडे सरकतात. आणखी तापवलं की यंत्राला ते दोन आहेत हे कळतच नाही आणि एकच सुळका उरतो. कुठल्या तापमानाला काय दिसलं त्यावरून ते सेकंदाला किती वेळा जागा बदलतात ते काढता येतं.

"म्हणजे पंख्यावानी," बाबा फोनवर म्हणाले होते. "हळू फिरला त पाती मोजता येतात. जोरात फिरला त एकच गोल दिसते."

"हो, तसंच."

"अन् मंधात? पाती दिसेनाशी होतात तवा नेमकं काय दिसते?"

माझ्या प्रबंधाचा जीव त्याच ठिकाणी होता. दोन्ही सुळके मिळून एक चपटा उंचवटा होतो, ना धड दोन ना धड एक, ते तापमान पकडणं सगळ्यात महत्त्वाचं. बाबा दहावी झालेले, जन्मभर जिनिंगमध्ये फिटर. पण मशीनबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्न कधी वाया जायचा नाही.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करायचे रेचे असतात, ओळीनं पंचवीस-तीस. सकाळी पट्टा चढवायच्या आधी बाबा आपल्या पहिल्या रेच्याला कपाळ टेकवायचे. हात जोडणं वेगळं आणि कपाळ टेकवणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. कपाळ लावलं की मशीन आपली झाली. खंडेनवमीला सगळे रेचे बंद, धुऊन पुसून हळदकुंकू लावलेले, आणि आम्ही घरची माणसं नवे कपडे घालून पाहायला जायचो. मलाही ते कपाळ टेकवायला लावायचे. घरी आल्यावर आई माझ्या कपाळावरचं ग्रीस रॉकेलनं पुसायची आणि बडबडायची.

त्या वर्षी आमचं हेलियम संपत आलं. मुंबईहून टाकी यायची होती ती येईना. आज निघेल, उद्या निघेल. चुंबकातली पातळी रोज थोडी उतरायची आणि मी सकाळी उठले की आधी ती बघायची. हेलियम फार उतरलं की गुंडाळी एकाएकी तापते, उरलेलं सगळं हेलियम वाफ होऊन खोलीत भरतं, श्वासाला हवा उरत नाही. तसं व्हायच्या आत यंत्र रीतसर झोपवावं लागतं. सरांनी सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंत काय मोजायचं ते मोजून घ्या, नंतर चुंबक उतरवायचा. माझी तर झोपच उडाली. चार वर्षांचं काम आणि हातात थोडे दिवस. पोळ्याच्या सुमारास मी घरी फोन करून आईला सांगितलं, आता मला उगीच फोन करू नका, माझं डोकं ठिकाणावर नाही, काही झालं तरी दसऱ्यानंतर सांगा. ही वाक्यं माझी आहेत. मला ती शब्दन्‌शब्द आठवतात.

त्याच आठवड्यात बाबा अंगणात पडले. पाणी भरता भरता डोळ्यांसमोर अंधारी आली आणि गेले खाली. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, तिथं ईसीजीची पट्टी काढली, हृदय काही काही सेकंद थांबत होतं. दुसऱ्याच दिवशी डबी बसवली. मला कोणी कळवलं नाही. आमच्याकडे हे असंच असतं. पोरगं शिकायला बाहेर असलं की घरचं दुखणं त्याच्यापासून झाकून ठेवायचं, परीक्षा झाली की सांगायचं. माझी आजी गेली तेव्हासुद्धा मला पेपर संपल्यावरच कळलं होतं. मी तेव्हा थयथयाट केला होता आणि चार दिवसांनी विसरूनही गेले होते.

मधल्या काळात मी दोनदा फोन केला. आई म्हणाली बाबा वावरात गेले. दुसऱ्यांदा म्हणाली झोपले. दुपारी बारा वाजता आमचे बाबा झोपत नाहीत. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझ्यासमोर पडदा होता, पडद्यावर दोन सुळके होते, मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मलाच हौस आली. दसऱ्यानंतर यंत्र बंद होणार, पुन्हा कधी सुरू होईल कोणास ठाऊक, तर बाबांनी ते एकदा बघावं. खंडेनवमीला या म्हटलं, पूजा तुमच्या हातून करू. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. मी चिडले. पुढच्या वर्षी काय डोंबल पाहणार, मशीनच राहणार नाही, तुमाले माझ्या कामाची काही किंमतच नाई. असं म्हटलं मी. मग ते म्हणाले, "येतो ना बाई. रागावते काऊन."

दोघं सकाळच्या एसटीनं आले. बाबा वाळले होते. सैल पांढरा शर्ट, आणि डावा हात अंगाशी धरलेला. मी विचारलं तर आईच बोलली, खांदा धरला त्यांचा. आईचा चेहरा मी पाहिला नाही, तिच्या पदराला लावलेली सेफ्टी पिन पाहिली आणि आधी ती काढायला लावली.

त्या दिवशी मी लोखंडाच्या मागे हात धुऊन लागले होते. बाबांचा पट्टा, घड्याळ, किल्ल्या, चिल्लर, आईच्या केसातले आकडे, सगळं टेबलावर. झेंडूचा हार दोऱ्यातलाच आहे ना ते पाहिलं. नारळ बाहेर फोडायचा. ताम्हण पितळेचं, ते चालतं. माझं तेव्हा यंत्र चालूच होतं. द्रावण तापत तापत नेमक्या त्या मधल्या जागेला येऊन ठेपलं होतं, तापमान स्थिर व्हायला थोडा वेळ द्यायचा आणि बटण दाबायचं, एवढंच राहिलं होतं.

बाबा दारात थांबले. पुठ्ठ्यावरचा बोर्ड वाचत उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं चष्मा नाही म्हणून वेळ लागतोय.

"अक्षर तुयंच ना?" ते म्हणाले.

"हो. चला आता."

मी वही उघडली. त्यांचं नाव लिहिलं, पुढच्या रकान्यात मीच 'नाही' लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"लिहून टाकलं तूनं?"

"मंग. तुमाले कुठी काय आहे. करा सही."

त्यांनी सही केली. नेहमी करतात तशी, खाली रेघ ओढून. आई मागे ताम्हणात दिवा सांभाळत होती, वात विझू नये म्हणून पदर आडवा धरून. तिचं लक्ष दिव्याकडे होतं. तिनं तोवर बोर्ड पाहिला नव्हता, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

बाबा आणि मी आत आलो. पिवळ्या पट्टीपाशी बाबा पुन्हा थांबले. द्रावण तापवणाऱ्या गरम हवेचा बारीक फुसफुस आवाज येत होता, तोच तेवढा.

"पूजेच्या दिवशी मशीन बंद ठेवा लागते," ते म्हणाले.

"हे बंद होतच नाई बाबा."

"कधीच नाई?"

"नाई."

त्यांनी मान हलवली आणि तिथूनच हात जोडले. मला ते आवडलं नाही. इतक्या लांब आले आणि लांबूनच हात जोडायचे, हे काय. लहानपणी मला त्या ग्रीसच्या रेच्याला कपाळ टेकवायला लावलं होतं, आता माझी मशीन आहे तर पाहुण्यासारखं वागायचं. मी चेष्टा सुरू केली. बोटं चिरडणाऱ्या रोलरले घाबरले नाई अन् या गरीब पिंपाले घाबरता? चावत नाई थे. या ना. असं म्हणत मी त्यांचा उजवा हात धरला आणि त्यांना पट्टीच्या आत नेलं.

माझ्या हातात त्यांचा हात एकदा घट्ट झाला. मग सैल झाला. त्यांनी हार पिंपाच्या पायाशी ठेवला, बोटानं पांढऱ्या पत्र्यावर हळदकुंकू लावलं, वाकले आणि कपाळ टेकवलं.

कपाळ टेकवून ते उठेनात. मला आधी वाटलं, मनापासून करतायत. मी सुखावले, खरंच सांगते. मग त्यांचा डावा हात, जो सकाळपासून अंगाशी होता, तो हळूहळू वर आला आणि छातीवर दाबला गेला. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती, एकसारखी, मशीनच्या ठोक्यासारखी. कपाळ पत्र्यालाच होतं.

ताम्हण खाली ठेवल्याचा आवाज आला. आई दारात होती. तिची नजर माझ्यावर नव्हती, दारावरच्या लाल हृदयावर होती.

"त्याइले बाहेर काढ," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. "त्याइच्या छातीत थेच बसवलं आहे. पोळ्याले बसवलं."

मी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं, चार पावलं, पाच पावलं, दाराबाहेर, व्हरांड्याच्या भिंतीपर्यंत. ते खाली बसले. कपाळावर पिवळा डाग होता. ओठ पांढरे पडले होते. मी मनगट धरलं आणि मोजायला लागले. दोन ठोके, मग काही नाही. एक ठोका. मग काही नाही. आतमध्ये तापमान स्थिर झाल्याची बीप वाजली. पुन्हा वाजली. दाब बटण म्हणून ते यंत्र मला बोलावत होतं.

माझा रेणू सेकंदाला किती वेळा जागा बदलतो ते मी सांगू शकत होते. बापाचं हृदय मिनिटाला किती वेळा थांबतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, तेही बोटांनी. मला स्वतःची किळस आली.

ऑटो मिळाला. रस्त्यावर झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या घेऊन निघालेली माणसं, ऑटोवाल्याच्या हँडलला पण हार. बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मधेच ते म्हणाले, आतून कोणीतरी ओढून राह्यलं होतं. मी दोन दोन सेकंदांनी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आई सारखी म्हणत होती, बाबू, जरा जल्दी चालव.

डॉक्टरांनी छातीवर एक यंत्र धरून ती डबी तपासली. तिच्यातली सगळी सेटिंग उडाली होती, ती कशीबशी कमीत कमीवर चालत होती. त्यांनी ती सेटिंग पुन्हा लावून दिली. तिकडे बाबा आणखी थोडं थांबले असते तर, असं मी विचारलं. ते विचारू नका, असं ते म्हणाले आणि मला विचारलं, चुंबकाजवळ जायचं नाही हे यांना आम्ही डिस्चार्जच्या वेळी दोनदा समजावलं होतं, कार्डावर लिहून दिलं होतं, मग हे गेलेच कसे.

बाहेर बाकावर मी आईवर तुटून पडले. सांगायला काय झालं होतं, फोन नव्हता का, मी परकी आहे का, सगळं. आईनं ऐकून घेतलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "तूच त सांगतलं होतं ना, दसऱ्यानंतर सांगा."

दसरा होऊन गेला. मी चार दिवस दवाखान्यातून हलले नाही. सरांनी यंत्र रीतसर झोपवलं, पिंप रिकामा झाला, पहिल्यांदाच त्या खोलीत घड्याळ घालून जाता आलं. पत्र्यावर हळदकुंकवाचं बोट तसंच होतं. माझ्या प्रबंधातल्या आलेखात एक ठिपका नाही. खाली दोन सुळक्यांचे ठिपके आहेत, वर एका सुळक्याचे आहेत, ते आदल्या आठवड्यातले, आणि मधे, नेमक्या त्या जागी, मोकळं आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिथंच बोट ठेवलं. हा बिंदू का नाही? मी म्हटलं, त्या दिवशी यंत्राची पूजा होती. ते हसले. आमचे सर हसले नाहीत.

बाबांना मी बरेच दिवस काही विचारलं नाही. धीर होत नव्हता. दिवाळीला घरी गेले तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, डबीच्या जागी शर्ट जरा उचललेला दिसत होता. मी पायाशी बसले.

"बाबा, थो बोर्ड तुमाले वाचता आला होता?"

"आला ना. साफ अक्षर आहे तुयं."

"मंग आत काऊन आले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं असावं.

"सांगतलं असतं त तुयं मोजायचं रायलं असतं," ते म्हणाले. "अन् तूनं हात धरला होता."